दोन अध्यक्ष आणि हलव्याचे दागिने

हलव्याला काटा यायला कोरडी थंडी लागते आणि करणाऱ्या बाईचं डोकं शांत लागतं, असं आई म्हणायची. पैकी थंडी कॅनडातल्या आमच्या मिल्टन गावात वाटेल तेवढी होती. डोक्याचं म्हणाल, तर त्या जानेवारीत आमच्या घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, तरी आईच्या हलव्याला काटा असा आला होता की पुण्यातल्या बायकांनी बघत राहावं. रोज सकाळी ती मंद आचेवर परात ठेवायची, तिच्यात साबुदाण्याचे दाणे टाकायची आणि चमचा चमचा साखरेचा पाक घालत बोटांनी ते दाणे फिरवत बसायची. खाली बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस घुमत असायचा, बाहेर कुणीतरी ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत असायचं, आणि स्वयंपाकघरात परातीतली ती सुरसुर. मला अलार्मनं कधी जाग आली नाही, पण त्या आवाजानं यायची. दाणे पांढरेशुभ्र, काटेरी झाले की ती ते दोऱ्यात ओवायची आणि सिरियलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काळं कापड लावून त्यावर शिवायची. मुकुट झाला होता, हार झाला होता, बोटभर बांगड्या झाल्या होत्या, कंबरपट्टा व्हायचा होता. हे सगळं पाच गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या रेवासाठी. तिची ही पहिली संक्रांत, म्हणजे तिचं बोरन्हाण. आणि ते होणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र इंग्रजीत द्यायचे. आता मी मराठीत लिहायला बसले आहे याचं आईला अजून नवल वाटतं. परवाच फोनवर विचारत होती, "आमचं भांडण लिहिणार आहेस ना, मग शेवट पण लिही हो. लोक अर्धंच वाचतात आणि बाकीचं मनानं ठरवतात." तर आई, शेवटही लिहिते.

आमचे बाबा मूळचे पुण्याचे, नोकरीनं सॉफ्टवेअरवाले आणि स्वभावानं अध्यक्ष. गावातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचे ते अध्यक्ष होते, मला आठवतं तेव्हापासून. मंडळाचा सगळा संसार आमच्याच बेसमेंटमध्ये: दोन दांडगे स्पीकर, समई, सतरंज्या, गणपतीचं थर्माकोलचं मखर, आणि ज्यात एक लहान मूल पोहू शकेल अशी दोन पातेली. दर डिसेंबरात लायब्ररीच्या खोलीत सभा भरायची. बाबा उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "आता पुरे झालं. नव्या रक्तानं पुढं यावं. मला या ओझ्यातून मोकळं करा." यावर कुणीतरी "छे, छे" म्हणायचं, दुसरं कुणीतरी "तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हणायचं, बाबा "बरं, एवढंच वर्ष" म्हणत खाली बसायचे आणि चहा यायचा. हा कार्यक्रम इतका ठरलेला होता की चहा करणाऱ्या बायका "ओझ्यातून" हा शब्द ऐकला की कप मांडायला घ्यायच्या.

त्या वर्षी सभेला सुहासकाका होते. ते नागपूरचे. ते आणि नीताकाकू कॅनडात आले तेव्हा पहिला सगळा हिवाळा आमच्या बेसमेंटमध्ये राहिले होते. रेवाचा जन्म तिथेच असताना, हिवाळा सरता सरता झाला. तिला पहिली आंघोळ आईनं घातली आणि काकूंना डिंकाचे लाडूही आईनंच खाऊ घातले. वर पुणेरी वरण आणि खाली नागपुरी झणझणीत रस्सा, असे दोन वास जिन्यात एकमेकांना भेटायचे. मी खालच्या वासाच्या पक्षात होते. काका माणूस सरळ. मनात एक आणि ओठावर दुसरं हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता. तर बाबांनी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला, "मला या ओझ्यातून मोकळं करा" म्हणाले, आणि कुणी "छे" म्हणायच्या आत काकांनी हात वर केला.

"भाऊ, मी घेतो ना. तुम्ही काहून एवढा त्रास काढता?"

खोलीत अशी शांतता पसरली की बाहेरच्या पार्किंगमधलं बर्फ खरवडणं ऐकू यावं. मग मागून कुणीतरी हसत म्हणालं, "अरे, मग होऊन जाऊ दे मतदान!" लोकांना गंमत वाटली असावी, किंवा खरंच बदल हवा असावा, हात वर झाले आणि सुहासकाका निवडून आले. बाबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जास्त वाजवल्या. मग सगळे काकांभोवती जमले, फोटो निघाले, आणि बाबा कोट घालून आमच्याबरोबर निघाले. त्यांनी गाडी सुरू केली. मग समोर बघत आईला म्हणाले, "खुर्चीचं काही नाही गं. पण दारापर्यंतसुद्धा कुणी आलं नाही."

हे का लागलं ते कळायला आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. आमच्याकडून पाहुणा निघाला की त्याच्यामागे दार लावायचं नाही. उणे वीस असो की वादळ असो, त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत सगळ्यांनी दारात उभं राहून हात हलवायचा. "फर्नेस काय बाहेरच्या गल्लीसाठी लावलाय का?" असं बाबाच कुरकुरत म्हणायचे, आणि सगळ्यांत शेवटपर्यंत तेच उभे राहायचे.

त्यानंतर दोन्ही घरांत जे सुरू झालं त्याला भांडण म्हणावं तर कुणी कुणाला एक वावगा शब्द बोललं नव्हतं. मंडळाचं सामान आमच्याकडे, संक्रांतीचा कार्यक्रम शनिवारी. बाबा म्हणाले, "ज्याला हवंय त्यानं येऊन न्यावं." काकांचा निरोप दुसऱ्या कुणाकडून आला, "भाऊंनी बोलावल्याशिवाय कसं जाऊ?" आई म्हणायची, पहिला फोन नीतानं करावा, ती लहान आहे. काकू म्हणत होत्या, पहिला फोन वहिनींनी करावा, त्या रागावल्या आहेत. हे अर्थात मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की आई फोन उचलते, पुन्हा ठेवते आणि परातीकडे वळते. "मग दागिने कशाला करतेस?" असं मी एकदा विचारलं, म्हणजे माझ्या भाषेत, "देन व्हाय आर यू स्टिल मेकिंग इट?" ती म्हणाली, "मोठ्यांचं काय व्हायचं ते होवो. पोरीची पहिली संक्रांत पुन्हा येते का?" आणि डोळे पुसले. रेवा मांडीवर नाही, याचं तिला खरोखर दुःख होत होतं. मलाही होत होतं.

आणि मग तो मंगळवार आला, ज्या दिवशी अमेरिकेचा अध्यक्ष बदलणार होता. रात्रभर बर्फ पडलं होतं. सकाळी रेडिओवर शाळेच्या बस रद्द झाल्याचं सांगितलं आणि मी आनंदानं पुन्हा पांघरुणात शिरले. बाबांनीही ऑफिसला कळवून टाकलं आणि डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. साडेदहाच्या सुमारास बेल वाजली. दारात शेजारच्या ग्लोरिया उभ्या. त्या शाळेची बस चालवायच्या, म्हणून त्यांनाही सुट्टी. मूळच्या जमैकाच्या, उंचापुऱ्या, आणि एरवी कायम बसच्या नारिंगी जाकिटात दिसणाऱ्या. त्या दिवशी मात्र चर्चला घालायची जांभळी हॅट, मोत्यांची माळ, आणि हातात आल्याचा गरम केक.

"माझा टीव्ही आजच मेला," त्या म्हणाल्या. "आजच! मी तुमच्या सोफ्यावर बसून इतिहास बघू शकते का?"

आईनं त्यांना आत घेतलं, तिळाची वडी हातावर ठेवली आणि "गोड बोला" याचा अर्थ तिच्या इंग्रजीत समजावला. "हनी, आज मला दुसरं काही जमणारच नाही," ग्लोरिया म्हणाल्या.

वॉशिंग्टनमधली ती गर्दी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. थंडीत कुडकुडत उभी असलेली लाखो माणसं, खांद्यावर बसवलेली मुलं, हातांतले छोटे झेंडे. तिथल्या गोठलेल्या लोकांकडे बघून बाबा म्हणाले, "ही कसली थंडी? आमच्याकडे या म्हणावं." आम्ही कॅनडातले, त्यामुळे अमेरिकेच्या थंडीला नाव ठेवायचा हक्क आम्हाला होता. मग शपथ झाली. त्या देशाचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष हात वर करून उभा राहिला आणि ग्लोरियांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. त्या हुंदके देत रडत होत्या आणि हसतही होत्या. "माझ्या आईनं आयुष्यभर टोरंटोत लोकांची घरं पुसली," त्या म्हणाल्या. "तिला हे दिसायला हवं होतं." आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. देश आमचा नव्हता, त्यांचाही नव्हता, मत तर आमच्यापैकी कुणीच दिलं नव्हतं. तरी आमच्या मिल्टनच्या सोफ्यावर आम्ही सगळे रडत होतो, आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बर्फ किती साचलंय ते बघत होते.

भाषणात नवा अध्यक्ष म्हणत होता की दिवस कठीण आहेत, सगळ्यांनी मिळूनच निभवायचं आहे. ते ऐकून मला फार मोठं काहीतरी कळल्यासारखं वाटलं. सोळाव्या वर्षी तसं रोजच वाटतं, पण त्या दिवसाचं टिकलं. ग्लोरियांना मात्र वेगळंच काही दिसत होतं.

"तो जुना माणूस मला कधी आवडला नाही," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "एक दिवसही नाही. पण आज तो नीट वागला. सकाळी नव्याला घरी कॉफीला बोलावलं आणि मग दोघं एकाच गाडीतून आले. त्याला किती जड गेलं असेल!"

बाबांनी चष्मा काढून पुसला. मावळते उपाध्यक्ष चाकांच्या खुर्चीत दिसले; सामान हलवताना त्यांची पाठ धरली होती, असं निवेदक सांगत होता. "बघा," आई दोरा ओवता ओवता म्हणाली, "घर रिकामं करायची वेळ त्यांच्यावरही येते."

मग जुना अध्यक्ष हेलिकॉप्टरकडे निघाला. मी चॅनल बदलायला रिमोट उचलला तर बाबा म्हणाले, "थांब. ते नवे लगेच आत जातात का बघू." नवा अध्यक्ष आणि त्याची बायको पायऱ्यांवर उभे होते. हेलिकॉप्टर उडालं, वळलं, लांब गेलं. ते दोघं हात हलवत होते. आमच्या खोलीत कुणी हलेना.

"वळेपर्यंत उभे राहिले हो," आई म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले. "चांगल्या घरचा दिसतोय."

"पण आधी जुन्यानं बोलावलं होतं," आई मान वर न करता म्हणाली. "कॉफीला."

बाबा उठले आणि बेसमेंटमध्ये गेले. खालून खोकी सरकवल्याचे आवाज यायला लागले. मग "अरे बापरे!" असा एक आवाज आला, आणि मग काहीच नाही. आम्ही तिघी धावलो. जिन्याच्या तळाशी बाबा स्पीकरला मिठी मारून अर्धवट वाकलेले उभे होते. पाठीत चमक भरली होती. खाली बसता येईना, सरळ होता येईना. ग्लोरियांनी त्यांच्याकडे पाहिलं, आम्हाला नुकताच दिसलेला तो खुर्चीतला माणूस आठवला, आणि आम्ही चौघं इतके हसलो की बाबा कळवळून ओरडले, "हसवू नका, हसलं की दुखतं!"

पण आता त्यांनी मनावर घेतलं होतं. सामान आजच पोचवायचं. मी म्हटलं, "बट बाबा, यू कान्ट ड्राइव्ह." आई बर्फात गाडी चालवत नसे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे शिकाऊ लायसन्स होतं आणि बर्फात मी कधी चालवली नव्हती. "मी शेजारी बसतो," बाबा म्हणाले. "पाठ दुखतेय, लायसन्स शाबूत आहे." ग्लोरियांनी जांभळ्या हॅटसकट स्पीकर उचलले, पातेली उचलली, मखर छातीशी धरलं आणि सगळं आमच्या व्हॅनमध्ये भरलं. बाबांना आम्ही पुढच्या सीटवर हळूहळू घडी घालून बसवलं. मागे आई, मांडीवर दागिन्यांचं तबक, आणि तिच्या शेजारी ग्लोरिया, कारण त्यांना बाळ बघायचं होतं.

"ब्रेकवर नाचू नकोस," ग्लोरिया मागून म्हणाल्या. "ब्रेक हळूच टेकवून गाडीला आधी सांग, मग थांब. चाळीस मुलं मागे आहेत असं समज."

त्या पाच गल्ल्या मी कशा पार केल्या! हातमोज्यांतही हातांना घाम फुटला होता. प्रत्येक थांब्याला मागे पातेली वाजायची, बाबा विव्हळायचे आणि आई "सावकाश गं" म्हणायची. एका कोपऱ्यावर मागचं चाक जरा घसरलं, मी गाडी हळूच सावरली, आणि बाबा म्हणाले, "छान." त्या एका शब्दानं मी एका वर्षानं मोठी झाले असेन. आज मी गाडी चालवत इतके हिवाळे काढले, पण बर्फात वळण घेताना अजून मला तो "छान" ऐकू येतो.

सुहासकाका ड्राइव्हवे शोव्हल करत होते. आमची व्हॅन बघून त्यांच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. बाबांना उतरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी काच खाली केली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"सुहास, सामान आणलंय," बाबा म्हणाले. "तुझं आहे. मीच आधी आणायला हवं होतं."

काका काचेजवळ आले. त्यांच्या पापण्यांवर बर्फ होतं. "भाऊ, खरं सांगू का? तुम्ही म्हणत होते ना, मोकळं करा म्हणून. मला वाटलं, हे खरंच थकले. एवढं केलं यांनी आमच्यासाठी, आपण एवढं ओझं तरी उचलू. मग तुम्ही बोलेनाच. मी तेव्हापासून विचार करून राहिलो, की माझं चुकलं कुठं?"

बाबांनी डोळे मिटले. "अरे, पुण्यात असं म्हणायचं असतं."

"आमच्या नागपुरात म्हटलं की उचलतात ना बाप्पा!"

बाबा हसायला लागले आणि मग पाठ दुखून ओरडायला लागले, आणि हसणं काही थांबेना. काकांनी आत हात घालून त्यांचा खांदा धरला. तेवढ्यात दार उघडून नीताकाकू मोज्यांवरच बर्फात धावत आल्या. "वहिनी!" एवढंच म्हणाल्या आणि आईच्या गळ्यात पडल्या. तबक वाचवायला ग्लोरियांनी दोन्ही हातांनी ते वर धरलं.

बोरन्हाण त्याच दुपारी झालं. काळं झबलं आयत्या वेळी कुठून आणणार, म्हणून मी स्वेटरखाली घातलेल्या जुन्या काळ्या टीशर्टला गाठ मारून तोच रेवाला घातला. मुकुट, हार, बांगड्या चढल्या. कंबरपट्टा अर्धाच झाला होता, तो आईनं सेफ्टी पिननं लावला. बोरं मिल्टनमध्ये कुठली? त्यांच्याऐवजी क्रॅनबेरी, चुरमुरे, पॉपकॉर्न आणि चॉकलेटच्या गोळ्या. बाबांना सोफ्यावर आडवं केलं होतं, तिथूनच त्यांनी पहिली मूठ टाकली. रेवानं डोक्यावर पडणाऱ्या त्या पावसाकडे आश्चर्यानं पाहिलं, मग हार ओढून तोंडात घातला आणि आईची सगळी मेहनत कुडुम कुडुम खायला लागली. आई टाळ्या वाजवत होती. काकूंनी ग्लोरियांना हळदीकुंकू लावलं आणि वाण म्हणून डॉलर स्टोअरमधले मापाचे कप दिले. ग्लोरिया कुंकू लावलेल्या कपाळावर हॅट जपून चढवत म्हणाल्या, "वॉशिंग्टनमध्ये आज पार्ट्या असतील, पण मुकुट खाणारं बाळ त्यांच्याकडे नसणार."

शनिवारी कार्यक्रमात सुहासकाकांनी बाबांना हात धरून आपल्या शेजारी बसवलं. पुढच्या डिसेंबरात काका उभे राहून म्हणाले, "मला आणखी एक वर्ष करायचं आहे," आणि लोकांना कळेना की आता चहा कधी आणायचा. पण ते सगळं पुढचं. मला सांगायचंय ते त्या मंगळवारचं निघणं.

अंधारायला लागलं होतं. बाबांना पुन्हा घडी घालून गाडीत बसवलं. मी व्हॅन मागे घेतली, रस्त्यावर आणली आणि हळूच पुढे काढली. बाबांना मान वळवता येत नव्हती. ते सरळ समोर बघत बसले होते.

"आत गेले का गं?" त्यांनी विचारलं.

मी आरशात पाहिलं. उघड्या दारातून पिवळा उजेड बर्फावर पडला होता. काका कोटाशिवाय उभे होते, काकूंच्या कडेवर रेवा होती, आणि तिच्या मोडक्या मुकुटाशेजारी तिचा हात धरून काकू तो हलवत होत्या. मी गाडी होती त्याहूनही हळू केली.

"नाही बाबा," मी म्हटलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना मराठीत उत्तर दिलं. "उभे आहेत."

कोपरा आला. मी ग्लोरियांनी सांगितलं तसं गाडीला आधी सांगितलं आणि मग वळायला घेतलं.

"अजून?"

"अजून."

बाबांनी समोर बघतच हात वर केला आणि हलवला.